जोधपूरचा खडक आणि दीड फूट मूळ : राव जोधा डेझर्ट रॉक पार्कचं प्रकरण

जोधपूरला जाणारी आपली मंडळी मेहरानगड बघतात, वरून निळी घरं बघतात, मिर्ची वडा खातात आणि जैसलमेरच्या गाडीत बसतात. किल्ल्याला अगदी खेटून सत्तरेक हेक्टरचा एक खडकाळ तुकडा आहे, तिकडे फार कमी जण वळतात. नाव राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. राव जोधा म्हणजे ज्याने १४५९ मध्ये हे शहर वसवलं तो. पार्क म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे लॉन, कारंजी आणि बाकं येतात, इथे तसलं काही नाही. इथे आहे तो खडक, खडकाच्या फटीतून उगवलेली थारच्या वाळवंटातली मूळची झाडं झुडपं, गवतं, आणि ती ओळखायला शिकवणारी माणसं. मला विचाराल तर भारतात नेटिव्ह, म्हणजे त्या त्या जागेची मूळची झाडं परत आणायचं जे काही काम झालंय त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या टेकड्यांवर झाडं लावणाऱ्या ग्रुपांनी सगळ्यात आधी अभ्यासावं असं प्रकरण हेच, कारण यात झाडं लावणं हे सगळ्यात शेवटचं आणि त्यातल्या त्यात सोपं काम होतं, खरी मेहनत त्याच्या आधीच होऊन गेली होती.

आधी जागा समजून घेऊ, कारण जागा कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

मेहरानगड ज्या टेकडीवर उभा आहे ती ज्वालामुखीच्या दगडाची. पण आपला सह्याद्री ज्या बेसॉल्टचा आहे तो हा दगड नाही, हा ऱ्हायोलाइट. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा ऱ्हायोलाइट जवळपास पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीचा, मलानी नावाने भूगर्भवाले ज्या उद्रेकांना ओळखतात त्यातला. त्याच्यावर नंतर जोधपूरचा प्रसिद्ध वालुकाश्म साचला. हे दोन दगड किल्ल्याजवळ जिथे एकमेकांना भेटतात ती जागा जीएसआयने, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी संस्थेने, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेली आहे. ऱ्हायोलाइट कडक, गुळगुळीत, काही ठिकाणी खांबासारखा उभा तुटलेला. माती म्हणाल तर जवळपास नाहीच, जी काही आहे ती फटीत आणि खळग्यात वाऱ्याने आणून टाकलेली. पाऊस वर्षाला साधारण साडेतीनशे मिलिमीटर आणि तोही दोन अडीच महिन्यांत आटपतो, एखाद्या वर्षी त्याच्या निम्मासुद्धा पडत नाही. उन्हाळ्यात हाच दगड तव्यासारखा तापतो.

अशा जागी काय उगवणार असं वाटतं ना? पण उगवतं, आणि भरपूर उगवतं. थारमध्ये वाळूच्या टेकड्यांवरची झाडं वेगळी, सपाट मुरमाड जमिनीवरची वेगळी, खारट जमिनीवरची वेगळी आणि खडकावरची तर अगदीच वेगळी. खडकाच्या फटीत मूळ घालून, एवढ्याशा ओलाव्यावर वर्ष काढणारी वनस्पतींची एक आख्खी जमात आहे. या टेकडीवर ती कधीकाळी असणारच. पण २००६ च्या सुमाराला काम सुरू झालं तेव्हा इथे जवळजवळ एकाच जातीचं झाड दिसत होतं.

वेडी बाभूळ

तेच ते, आपल्याकडे उजनीच्या काठाने, नगर-बीड-सोलापूरच्या पडीक रानात, रेल्वे लाईनच्या कडेने दिसतं ते काटेरी हिरवं जंगल. प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मारवाडात त्याला बावळियो म्हणतात. मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं, भारतात आलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत, आणि आणलं ते चांगल्याच हेतूने, वाळवंट हिरवं व्हावं, लोकांना सरपण मिळावं म्हणून. जोधपूर संस्थानात १९३० च्या दशकात महाराजांनी विमानातून बी टाकलं असं तिथे सांगतात. १९४० मध्ये संस्थानाने त्याला चक्क शाही झाडाचा दर्जा दिला होता, म्हणजे तोडायला बंदी.

आता हे झाड एवढं पसरलं कसं? शेंगा गोड असतात, गुरं शेळ्या आवडीने खातात, बी पोटातून तसंच बाहेर पडतं आणि वर शेणाचं खत आयतं मिळतं. पाला मात्र जनावर खात नाही. खाली पडलेल्या पाल्यातली द्रव्यं आणि दाट सावली यामुळे दुसरं बी रुजायला मागत नाही. मूळ वाटेल तेवढं खोल जातं. आणि वरून तोडलं की बुंध्यातून एकाच्या जागी आठ दहा फांद्या फुटतात, म्हणजे तोडणी करून तुम्ही ते झाड जास्तच दाट करून ठेवता.

गंमत बघा, याच झाडाचं जवळचं भावंड थारमध्ये देवासारखं मानतात. खेजडी, म्हणजे आपली शमी. जोधपूरपासून जवळच खेजडली गाव आहे, तिथे १७३० मध्ये ही झाडं वाचवताना अमृतादेवींसकट ३६३ बिष्णोई माणसांनी जीव दिला. खेजडीखाली बाजरी उत्तम पिकते, शेतकरी शेतात मुद्दाम राखतात. आणि तिच्या या परदेशी भावाखाली गवताची काडी येत नाही. दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या पानांची, दोन्ही काटेरी, दोन्ही दुष्काळात हिरवी, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला दोन्ही "हिरवळ" वाटतात. इथेच आपली फसगत होते. सॅटेलाइटवर, फोटोत, सरकारी आकड्यात वेडी बाभूळ हिरवीच दिसते.

काढायचं कसं

मेहरानगड म्युझियम ट्रस्टने किल्ल्याभोवतीची ही जागा नैसर्गिक अवस्थेत परत आणायचं ठरवलं आणि काम दिलं प्रदीप क्रिशन यांना. हे आधी चित्रपट करायचे, मग झाडांकडे वळले, वनस्पतिशास्त्राची डिग्री नसताना स्वतः रानात फिरून शिकलेला माणूस. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न झाडं कुठली लावायची हा नव्हताच, ही बाभूळ खडकातून निघणार कशी हा होता.

मातीत असती तर जेसीबी लावून उपटली असती. इथे मूळ खडकाच्या फटीत घुसून बसलेलं, काही ठिकाणी फट मुळानेच रुंद केलेली. वरून कापलं की फुटतं. मशीन लावून खडक फोडावा म्हटलं तर शेजारी साडेपाचशे वर्षांचा किल्ला, तटबंदी, जुनी तळी, पाणी वाहून नेणारे जुने पाट, आणि मुळात तो खडकच तर जपायचाय.

उत्तर मिळालं खाणकामगारांकडे. जोधपूरच्या आसपास वालुकाश्माच्या खाणीत पिढ्यानपिढ्या हाताने दगड काढणारे लोक आहेत, त्यांना खंडवालिया म्हणतात. छिन्नी आणि हातोडा एवढीच हत्यारं. ही माणसं दगडावर हातोड्याने टक टक करतात आणि आवाजावरून सांगतात की आत फट कुठे आहे, दगड कुठे कच्चा आहे, घाव कुठे घातला तर तो कुठल्या रेषेत सुटेल. कुठल्याही कॉलेजात हे शिकवत नाहीत. या लोकांनी एकेका झुडपाच्या बुडाशी बसून, फटीच्या रेषेने दगड उकलत, मूळ मोकळं करून काढलं.

आणि इथे एक फार कामाची गोष्ट लक्षात आली. मूळ शेवटपर्यंत काढायची गरजच नाही. नवीन फूट येते ती बुंधा आणि मुळाचा वरचा भाग इथल्या डोळ्यांमधून. साधारण दीड फूट खोलीपर्यंतचं मूळ काढलं की खाली राहिलेलं मूळ पुन्हा फुटत नाही, मरतं. म्हणजे जे काम अशक्य वाटत होतं ते एकदम माणसाच्या हाताच्या आवाक्यात आलं. कष्ट भयंकर, जोधपूरच्या उन्हात दगडावर बसून दीड फूट खोदायचं आणि असं हजारो वेळा करायचं, पण होण्यासारखं.

या टप्प्यावर मला मुद्दाम थांबावंसं वाटतं. आपल्याकडे रिस्टोरेशनच्या, म्हणजे जागा मूळ अवस्थेत परत आणायच्या, प्रोजेक्टचं श्रेय वाटताना बॉटनीवाले, संस्था, देणगीदार, स्वयंसेवक सगळे येतात, आणि हाताने काम करणारा माणूस "मजूर" या एका शब्दात संपतो. इथे खंडवालिया नसते तर पार्क नसता, इतकं ते सरळ आहे. दगडाचं त्यांचं ज्ञान आणि झाडांचं क्रिशन यांचं ज्ञान, दोन्ही एकाच खड्ड्यात उतरली तेव्हा काम पुढे सरकलं. आपल्या टेकडीवर असं कोण आहे हे आपण विचारतो का? धनगर, वडार, पारधी, जुने गुराखी, वैदू, यांना प्लॅन करायच्या मीटिंगला बोलावतो का? मी तरी अशा मीटिंगा फार कमी बघितल्यात.

मग लावायचं काय

बाभूळ निघाली तिथे खडकात खड्डे तयार झाले. हे खड्डे म्हणजे वायफळ जागा नव्हती, उलट मूळ तिथे गेलं होतं म्हणजे तिथे फट आहे, फट आहे म्हणजे ओलावा टिकतो. याच खड्ड्यांमध्ये नवीन झाडं लावली गेली.

पण कुठली? नर्सरीत जाऊन मागाल तर मिळणार काय, बोगनवेल, अशोक, गुलमोहर, फार तर कडुनिंब. कडुनिंब चांगलं झाड आहे पण या खडकाचं नाही. म्हणून टीम थारमध्ये फिरली, जिथे अशाच खडकाळ जागा अजून बऱ्या अवस्थेत उरल्या आहेत तिथे, आणि बघितलं की माणसाने काही न करता दगडावर आपणहून काय उगवतंय. तीच यादी खरी. मग त्यांचं बी गोळा करायचं, स्वतःची नर्सरी करायची आणि कुठलं बी कसं रुजतं हे करून बघत शिकायचं, कारण यातल्या बऱ्याच झाडांची रोपं कोणी केलेलीच नव्हती. बाजारात मागणी नाही, मग कोण करणार.

यादीतली काही नावं सांगतो. थोर, म्हणजे बोटभर जाडीच्या हिरव्या काटेरी काड्यांचा मोठा झुपका, हा या खडकांचा खरा मालक. त्याच्या काट्यांच्या आड शेळीचं तोंड पोचत नाही, सावली मिळते, थोडी माती आणि पाला अडकतो, त्यामुळे दुसऱ्या कितीतरी वनस्पती थोराच्या पोटात लहानाच्या मोठ्या होतात. गुग्गुळ, ज्याचा डिंक औषधासाठी ओरबाडून ओरबाडून झाड आज अतिसंकटग्रस्त यादीत गेलंय. केर, पानं जवळपास नसलेलं झुडूप, त्याच्या फळांचं लोणचं आणि केर-सांगरीची भाजी तिकडे घराघरात. कुमट, त्याच्या बियासुद्धा पंचकुटा भाजीत पडतात. रोहिडा, राजस्थानचं राज्यफूल. गांगेटी, गूंदी, पीलू, खींप. आणि गवतं, ज्यांना कोणी मोजतच नाही.

यातली बरीचशी "झाडं" या शब्दात बसत नाहीत. झुडपं, वेली, गवतं, आणि पावसाळ्यात उगवून दोन महिन्यांत बी टाकून मरून जाणाऱ्या बारीक वनस्पती. डोक्याच्या वर जाणारं फार काही नाही. जून महिन्यात कोणी पाहुणा गेला तर त्याला हा पार्क सुकलेला, तपकिरी वाटेल. तो तसाच असायला हवा. वाळवंटातल्या वनस्पती उन्हाळ्यात पानं टाकतात, बंद होतात, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात सगळा खडक हिरवा होतो. पाणी घालून बारा महिने हिरवं ठेवायचा मोह इथे टाळला गेला, आणि माझ्या मते हा सगळ्यात धाडसी निर्णय होता, कारण फंड देणारा असो की नगरसेवक, सगळ्यांना फोटोत हिरवं लागतं.

बाभूळ गेल्यावर लावलेली झाडं तर आलीच पण न लावलेलीही आली. उजेड मोकळा झाला, विषारी पाल्याचा थर गेला, आणि गवतं, पावसाळी फुलं आपोआप परतली. गवत आलं की किडे, किडे आले की सरडे आणि पक्षी.

शिकवण्याचा भाग

पार्क लोकांसाठी उघडला २०११ मध्ये. सिंघोरिया पोळ नावाच्या जुन्या वेशीत व्हिजिटर सेंटर केलंय, तिथे खडक आणि झाडं यांची माहिती आहे, मग रंगांनी खुणा केलेल्या पायवाटा, त्यातली एक जुन्या पाण्याच्या पाटातून जाते. हा पाट खडकात कोरलेला, पावसाचं पाणी किल्ल्याखालच्या तळ्यांकडे नेणारा. पाटातून चालताना दोन्ही बाजूंना कापलेला दगड दिसतो, त्यामुळे झाडाच्या आधी दगडाचा धडा होतो. सोबत माहिती सांगणारे गाईड असतात. आणि नर्सरी आहे, थारची झाडं तिथे विकत मिळतात, म्हणजे जोधपूरच्या माणसाला वाटलं की अंगणात केर लावावा तर तो लावू शकतो.

मला यातली नर्सरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. माहितीचे बोर्ड वाचून माणूस हो हो म्हणतो आणि घरी जाऊन नर्सरीतून जे मिळेल तेच आणतो. रोप हातात मिळालं तरच गोष्ट बदलते. आणि शहरातल्या ज्या मुलांना रानातल्या सगळ्याच काटेरी झुडपाला "कचरा" म्हणायची सवय लागलेली असते, त्यांनी एकदा थोराच्या झुपक्यात दुसरी चार झाडं वाढताना बघितली की त्यांची नजर बदलते, त्याला भाषण लागत नाही.

कुठे जपून

हे सगळं कौतुकाने लिहितोय पण जशीच्या तशी नक्कल करायला निघू नका. पहिली गोष्ट, जागा सत्तर हेक्टर, मालक एक ट्रस्ट, पैसा आणि वर्षानुवर्षांचा धीर दोन्ही हाताशी. आपल्या टेकडीवर वनखातं, महापालिका, आजूबाजूच्या सोसायट्या आणि चार ग्रुप असतात, प्रत्येकाला दर जुलैमध्ये झाडं लावतानाचा फोटो हवा असतो. दुसरी, काम संपत नाही. सगळीकडून बाभळीनेच वेढलेल्या शहरात बी येतच राहतं, म्हणजे लहान रोपं उपटत राहणं हे कायमचं काम, त्यासाठी कायमची माणसं लागतात. तिसरी, वेडी बाभूळ काही लोकांचं पोट आहे. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यांत तिचा कोळसा पाडून, सरपण विकून घरं चालतात. किल्ल्याच्या टेकडीवर हा प्रश्न आला नाही, गावच्या गायरानात नक्की येईल, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय गावात कुऱ्हाड घेऊन जाणं मला बरोबर वाटत नाही.

चौथी आणि सगळ्यात मोठी, यादी उचलू नका, पद्धत उचला. प्रदीप क्रिशन यांनी स्वतःच पुढे जयपूरला किशन बागेचं काम केलं, २०२१ मध्ये ती उघडली, तिथे वाळूच्या टेकड्या होत्या तर झाडं वाळूतली घेतली, जोधपूरची यादी नेऊन चिकटवली नाही. एकाच राज्यात असं, तर आपण बेसॉल्टवाल्यांनी जोधपूरचा गुग्गुळ आणून पर्वतीवर लावण्यात काय अर्थ.

आपल्याकडचं चित्र बघा. २०१६ ते २०१९ दरम्यान राज्यात आधी २ कोटी, मग ४, मग १३, मग ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची टार्गेटं झाली. टार्गेट झाडांचं असलं की खड्डे मोजले जातात, आणि सोलापूर-नगरकडचे माळ, जे मुळातच गवताचे आहेत, जिथे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं, तणमोर, धाविक हे पक्षी आणि काळवीट, लांडगा यांचं घर आहे, ते "मोकळे पडलेत" म्हणून तिथेही खड्डे पडतात. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड असंच चांगल्या मनाने लावलं गेलं आणि आज कितीतरी उतारांवर त्याच्याखाली दुसरं फारसं काही नाही. सालई, मोई, गणेर, पांढरूख, मेडशिंगी, खैर ही आपल्या कोरड्या उतारांची माणसं, आणि त्यांच्या मधली मोकळी गवताळ जागा हीसुद्धा टेकडीचाच भाग, ती भरून काढायची जागा नव्हे.

तर ज्यांच्या हातात एखादा उतार आहे त्यांना माझं सांगणं एवढंच की यंदाच्या पावसाळ्यात काही लावू नका. अर्धा एकर घ्या, तिथला ग्लिरिसिडिया किंवा वेडी बाभूळ परवानगी काढून मुळासकट काढा, आणि पाऊस पडल्यावर काय आपणहून येतंय त्याचे दर पंधरवड्याला फोटो आणि नोंदी ठेवा, नावं माहीत नसतील तर गुराख्याला विचारा. तोवर बियांची झाडं हेरून ठेवा. कुसळी, पवन्याचं बी पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या पुढेमागे झडतं, तेव्हा पोतं घेऊन जा. गणेरची पिवळी फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला लांबूनही दिसतात, तेव्हाच झाडाला खूण करा, बोंडं पुढे एप्रिल-मेमध्ये फुटतात आणि आत कापूस लागलेलं बी असतं, वाऱ्यावर जायच्या आत गोळा करावं लागतं.